उन्हाची वाट पाहणारं गाव

मे महिना संपत आला होता. लडाखच्या शाम नावाच्या भागात, सिंधूपासून बऱ्याच वरच्या अंगाला असलेल्या एका गावात मी उतरले होते. मोबाइलला नेटवर्क यायचं ते फक्त स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी, म्हणून संध्याकाळी तिथेच गालिच्यावर बसून मी पुढच्या दिवसांचं हवामान बघत होते. चार दिवस ढग, अधूनमधून हलका पाऊस, दिवसाचं तापमान ९-१० अंशांच्या वर नाही. घरच्या अमा-ले, म्हणजे आई, खंबीर नावाच्या तिथल्या रोटीचं पीठ मळत होत्या. आनंदाची बातमी द्यावी तसं मी त्यांना म्हणाले, "अमा-ले, बारिश आनेवाली है।" त्यांचे हात थांबले. त्यांनी खिडकीतून वर पाहिलं. आकाशाकडे बघतील असं मला वाटलं होतं, पण त्यांची नजर गेली ती मागच्या डोंगराच्या माथ्यावर, जिथे बर्फाचा एक पांढरा पट्टा शिल्लक होता. "अभी बादल? अभी तो धूप चाहिए," एवढंच म्हणून त्या पुन्हा पीठ मळायला लागल्या. उतरलेला चेहरा मात्र रोट्या भाजून होईपर्यंत तसाच होता.

तो चेहरा माझ्या मनातून जाईना. मी माणदेशातली. आमच्याकडे मे संपताना घरातलं प्रत्येक माणूस, मग ते शेतात राबणारं असो की मुंबईहून सुट्टीला आलेलं, दुपारी एकदा तरी ओट्यावर येऊन आभाळ बघतं. रोहिणी लागल्या की आजोबा बोलणं कमी करायचे. दुपारच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात पूर्वेकडून काळा गठ्ठा वर यायला लागला, वारा सुटला, पत्रे वाजायला लागले की अंगणातल्या कुरडया-पापड उचलायची धांदल उडायची. आई ओरडायची, पण तिच्या तोंडावर हसू असायचं. वळवाची सर दहा मिनिटांची का असेना, तिच्यानंतर गावात माणसं एकमेकांशी मोठ्या आवाजात बोलायची. ढग म्हणजे भलं, ही गोष्ट मला कुणी शिकवली नाही, ती अंगातच होती. द्राक्षबागा असलेले आमचे तासगावकडचे पाहुणे ढगांना घाबरतात हे मला माहीत आहे, पण ती भीती औषध फवारायची, घडाला तडे जायची. पाणी नको असं तेही म्हणत नाहीत.

इथे एक बाई पाण्यासाठीच ढग नको म्हणत होती.

पर्जन्यछाया हा शब्द मी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकला होता. सह्याद्री ओलांडता ओलांडता ढग रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशेच्या आतबाहेर मिलिमीटर येतात, त्यावर ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. लडाख ही त्याच प्रकारची, पण कितीतरी कठोर अशी छाया आहे. मान्सूनचे ढग हिमालयाच्या एकामागून एक रांगांवर अडतात आणि लेहपर्यंत पोचतात ते जवळजवळ नुसतेच. ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये वर्षभराचं सगळं मिळून सुमारे १०० मिलिमीटर, त्यातही हिवाळ्यातलं बर्फ धरलेलं. आमच्या दुष्काळाच्या पाचव्या हिश्श्याइतकं. एवढ्यावर तिथे जव पिकतो, म्हणजे आपला सातू, गहू पिकतो, वाटाणा होतो, जर्दाळूची झाडं एप्रिलमध्ये फुलांनी भरतात. हे सगळं आकाशातून थेट पडणाऱ्या पाण्यावर होणं शक्यच नाही. ते होतं मागच्या हिवाळ्यावर. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळी वादळी हवा, डिसेंबर ते मार्चमध्ये वरच्या शिखरांवर बर्फ टाकून जातात, आणि लहान लहान हिमनद्या, बहुतेक पाच हजार मीटरच्याही वर, ते जुनं-नवं बर्फ धरून बसतात. उन्हाळ्यात ऊन पडलं की तेच पाणी होऊन गावात उतरतं.

म्हणजे तिथे उन्हाळ्याच्या तोंडाशी हवामानाचा अंदाज विचारणं म्हणजे दोन वेगवेगळे प्रश्न विचारणं. वर किती साठलंय, याचं उत्तर मार्चमध्येच ठरून गेलेलं असतं. ते आता कुणी बदलू शकत नाही. दुसरा प्रश्न, ते खाली कधी येणार? अमा-लेंची चिंता या दुसऱ्या प्रश्नाची होती. जवाचे कोंब जेमतेम बोटभर वर आले होते. पेरणी एप्रिल-मेमध्ये, कारण थंडी सप्टेंबरात परत येते आणि पीक त्याच्या आत हाताशी यायला हवं. पण वरच्या हिमनद्या नीट वितळायला लागतात त्या जूनमध्ये. मधले हे सहा-सात आठवडे सगळ्यांत अवघड. शेतं हिरवी व्हायला तयार, आणि पाणी अजून डोंगरावर बर्फ होऊन बसलेलं. अशा वेळी चार दिवस ढगाळ म्हणजे चार दिवस ओढ्याला धार नाही.

मोबाइलवरच्या अंदाजात यातलं काहीच दिसत नाही. तिथे लेहचा एक ठिपका असतो, शेजारी सूर्य किंवा ढग, खाली दोन आकडे. दिवसा १८, रात्री ४. पण तो ठिपका दरीच्या तळाशी आहे. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा-सात अंशांनी गार होते. लेहहून गाडीरस्त्याने 'खारदुंग ला' हा घाट गाठला की आपण ५,३५९ मीटरवर असतो, म्हणजे खाली लोक शर्टावर फिरत असताना तिथे बारा-तेरा अंशांनी थंड, आणि मे महिन्यात हिमवृष्टीने तो घाट बंद होणं यात नवल काहीच नाही. गावाच्या दृष्टीने खरा आकडा एकच: हवेतलं शून्य अंश किती उंचीवर आहे. ही न दिसणारी रेषा मे-जूनमध्ये हळूहळू डोंगर चढते. ती हिमनदीच्या उंचीला पोचली की ओढा बोलायला लागतो. एखादा थंड झोत आला की ती पुन्हा खाली घसरते आणि ओढा गप्प होतो. मला हे कळल्यापासून मी लेहचं कमाल तापमान बघणं सोडून दिलं आहे. शून्याची उंची देणारे नकाशे बघते. अमा-लेंना ते नकाशे ठाऊक नाहीत. त्या माथ्यावरचा पांढरा पट्टा बघतात, त्याची खालची कड कुठे आली आहे ते बघतात, आणि त्यांना तेवढंच कळतं, कदाचित जास्तच.

ते ढग आलेच. पहिले दोन दिवस नुसता करडा उजेड होता, पॉप्लरची नवी पानं वाऱ्याने उलटी होऊन चमकत होती, आणि दुपारी खोऱ्यातून नेहमीचा वारा सुटला की धूळ दातांत कचकचायची. नंतरच्या सकाळी खिडकी उघडली तर डोंगर पायथ्यापासून थोड्या उंचीपर्यंत तपकिरी आणि त्याच्या वर संपूर्ण पांढरा, जणू कुणी पट्टी धरून रेघ मारली असावी. गावात पावसाचे चार थेंब, वर ताजं बर्फ. मला वाटलं आता तरी बरं वाटेल, साठा वाढला ना. घरातले मेमे-ले, म्हणजे आजोबा, मान हलवत होते. नवं बर्फ जुलैत कामाला येईल, म्हणाले, पण आत्ता ते जुन्या बर्फाला झाकून टाकतं. मग मी त्याचं कारण वाचलं. जुन्या बर्फावर हिवाळाभराची धूळ बसलेली असते, ते काळपट होतं, ऊन शोषतं, लवकर पाझरतं. ताजं पांढरंशुभ्र बर्फ बरंचसं ऊन परत आकाशात पाठवून देतं. मेमे-लेंनी हे एका वाक्यात सांगितलं होतं आणि शास्त्रही तेच सांगत होतं. एकाच हिमवर्षावात जुलैचा दिलासा आणि जूनची ओढाताण दोन्ही असू शकतात, आणि तिथली माणसं ते दोन्ही एकदम मनात धरून शांतपणे कामाला लागतात. मला ते जमत नव्हतं. मी कुठल्या तरी एका बाजूला आनंद मानायला बघत होते.

ओढ्याचा दिवसही उलटा चालतो. सकाळी त्यात पाणी सगळ्यांत कमी, कारण रात्री वर सगळं पुन्हा गोठलेलं असतं. दुपारी ऊन चढलं की वर वितळतं, आणि ते पाणी गावापर्यंत चालत यायला वेळ लागतो. माथा जितका लांब तितका उशीर. कुठे चारला, कुठे दिवेलागणीला, कुठे रात्री. म्हणून तिथले जुने गाडीवाले पांगोंगच्या वाटेवरचे नाले सकाळीच ओलांडून घेतात. दुपारी त्याच नाल्यात चाकं बुडतात. आणि म्हणून गावाच्या वरच्या अंगाला जिंग असतो, दगडामातीने बांधलेला छोटा तलाव, जो रात्रीचं पाणी धरून ठेवतो आणि सकाळी पाटात सोडतो. हे सोडण्याचं काम चुरपोनचं. चुरपोन म्हणजे पाण्याचा कारभारी, गावाने नेमलेला, बऱ्याच गावांत घरटी पाळीपाळीने. कोणत्या शेताला किती वेळ, कुणाची पाळी आज आणि कुणाची परवा, हे तो बघतो. मी भल्या पहाटे त्या गावच्या चुरपोनामागून पाटाच्या कडेने चालले. खांद्यावर फावडं, पायांत गमबूट. एका शेताच्या तोंडाशी त्याने फावड्याने मातीचं ढेकूळ उचललं, पाणी आत वळलं. पुढच्याचं तोंड त्याच ढेकळाने बंद केलं. धुळ्याकडच्या फड पद्धतीतला पाटकरी मला आठवला, पांझरेच्या काठी असाच पाळ्या लावून पाणी फिरवणारा. इतक्या लांबच्या दोन प्रदेशांनी एकमेकांना न विचारता एकच माणूस तयार केला, कारण पाणी कमी असलं की भांडणापेक्षा पाळी बरी, हे दोघांनाही कळलं होतं.

एप्रिल-मेमधली ही पाण्याची फट भरून काढायचा विचार तिथल्याच माणसांनी केला, आणि याचं मला फार अप्रूप वाटतं. चेवांग नोर्फेल हे सिव्हिल इंजिनिअर. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी त्यांनी सावलीतल्या उतारावर वळवलं, दगडी बांध घालून संथ केलं, आणि थरावर थर गोठू दिलं. ही माणसाने केलेली हिमनदी गावाच्या जवळ, नैसर्गिक हिमनदीच्या कितीतरी खाली असते, म्हणून शून्याची रेषा तिच्यापर्यंत आधी पोचते आणि ती पेरणीच्या वेळेलाच पाझरते. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याच विचाराला वेगळा आकार दिला. वरून पाइपने पाणी आणायचं, ते स्वतःच्याच दाबाने कारंज्यासारखं उडतं, थंड हवेत गोठतं आणि स्तूपासारखा बर्फाचा शंकू उभा राहतो. शंकूचा उन्हाकडे असलेला पृष्ठभाग आतल्या बर्फाच्या मानाने लहान, म्हणून तो सपाट बर्फापेक्षा जास्त टिकतो. दोन्ही उपायांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाणी वाढवता येत नसेल, तर त्याची तारीख बदला.

उन्हाळ्यात आकाशातून थेट पाणी पडणं तिथे किती धास्तीचं असतं, ते घरांकडे बघितलं की कळतं. मातीच्या विटा, वर पॉप्लरचे वासे, त्यावर विलोच्या काटक्या, त्यावर माती. सपाट छत, कारण बर्फ फावड्याने ढकलून देता येतं. पण दोन दिवस संततधार लागली की छत गळतं, भिंत फुगते. डोंगरांवर झाड नाही, मुळं नाहीत. मोठी सर आली की सगळा उतार चिखल होऊन खाली येतो. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह आणि चोगलमसर भागात तेच झालं. दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या रात्रीची एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करते: लेहच्या वेधशाळेत नोंदलेला पाऊस जेमतेम १२.८ मिलिमीटर होता. काही किलोमीटरवर डोंगर वाहून येत होता आणि मोजणाऱ्या भांड्यात बोटभरच पाणी. एका ठिपक्यावरून त्या सगळ्या प्रदेशाचं हवामान सांगता येत नाही, याचा याहून क्रूर पुरावा काय असणार. भारतीय हवामान विभागाचं स्वतंत्र केंद्र लेहला २०२० च्या डिसेंबरात सुरू झालं, देशातलं सगळ्यांत उंचावरचं. ते व्हायलाच हवं होतं, आणि अशी मोजणी प्रत्येक उपखोऱ्यात पोचावी असं मला मनापासून वाटतं.

ऊन हवं, हे म्हणतानाही आता तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा स्वर पूर्वीसारखा निर्धास्त नाही. २०२४ च्या जुलैच्या शेवटी लेहमध्ये इतकं तापलं की विरळ हवा अजून विरळ होऊन विमानांना पुरेसा आधार मिळेना, आणि उड्डाणं रद्द करावी लागली. त्याच वर्षीच्या जानेवारीत काश्मीर कोरडं गेलं होतं, गुलमर्गच्या उतारांवर गवत दिसत होतं. हिवाळ्यातलं बर्फ हे व्याज आणि हिमनदी हे मुद्दल. बर्फ कमी पडलं आणि ऊन जास्त तापलं की ओढ्याला पाणी येतंच, एखाद्या वर्षी भरपूरही येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं साल चांगलं आहे. ते मुद्दल खाणं असतं. लेहच्या पलीकडचं कुलुम हे गाव पाणी आटलं तसं रिकामं झालं; शेतांच्या पायऱ्या तशाच आहेत, घरं आहेत, राहायला माणसं नाहीत. चांगलं ऊन आणि वाईट ऊन यांच्यातली सीमा कुठे आहे, हे अमा-लेंच्या सासूला सांगता आलं असतं. अमा-लेंना ते सांगता येत नाही, आणि त्याचं त्यांना दुःख आहे हे त्या बोलल्या नाहीत तरी कळत होतं.

आणि मग आपण. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार होती. २०२३ मध्ये तिथे पाच लाखांहून जास्त पर्यटक गेले. त्यांत मराठी किती असतात हे लेहच्या बाजारात मे महिन्यात दहा मिनिटं उभं राहिलं की ऐकू येतं. पुणे, नाशिक, ठाणे, सांगली. मला ते ऐकून बरंही वाटतं, आपली माणसं एवढ्या लांब आली म्हणून. पण शाळांची सुट्टी म्हणून आपण जातो तो महिना म्हणजे तिथल्या गावांत पाणी सगळ्यांत कमी असण्याचा महिना. तिथली जुनी कोरडी संडासं, ज्यांत पाण्याचा थेंब लागत नाही आणि ज्यांचं खत शेतात जातं, ती वापरायला आपल्याला नकोशी वाटतात. मग फ्लश येतो, गीझर येतो, बोअर येते. स्तोक कांगरी हे ६,१५३ मीटरचं शिखर २०२० पासून काही वर्षं गिर्यारोहकांना बंद करायचं ठरलं, त्यात गर्दीमुळे खराब होणारं गावाचं पिण्याचं पाणी हे मोठं कारण होतं. ज्या हिमनदीचं पाणी खाली लोक पितात, तिच्यावर आपण तंबू ठोकत होतो.

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लडाखचं ठरतंय, मुलांना सुट्टी आहे, विमानं स्वस्त मिळतायत, तू सारखी जातेस तर सांग, हवामान कसं असेल? मी तिला सांगितलं, दिवसा हात भाजतील असं ऊन, सूर्य गेला की स्वेटर, घाटांवर बर्फ मिळण्याची शक्यता बरीच, दुपारचा वारा धरून चाला, पहिले दोन दिवस लेहमध्येच पडून राहा, धावपळ नको. ती म्हणाली, "छान, म्हणजे चांगलं आहे." मग मी तिला तिथल्या पाण्याचं सांगितलं. मला वाटतं मी जरा जास्तच बोलले. तिने शेवटी विचारलं, "मग काय मावशी, आम्ही जायचंच नाही का?" मी म्हटलं, जा, पण जमलं तर मेऐवजी गणपतीनंतर लगेच जा, सप्टेंबरात, जव कापणीला आलेला असतो, पाण्याची ओढ संपलेली असते. मुलांची सहामाही परीक्षा त्याच्या आसपास येते म्हणून ते जमणार नाही म्हणाली. बरं, मेमध्येच जा मग, पण गावात राहा, बादली मोजून घ्या, कोरडं संडास वापरा, आणि सकाळी पाटावर कुणी फावडं घेऊन चाललेला दिसला तर मुलांना त्याच्याबरोबर पाठव. हॉटेल आधीच बुक झालंय म्हणाली, चोवीस तास गरम पाण्याचं. अजून आमचं ते बोलणं पुरं झालेलं नाही. रविवारी ती घरी जेवायला येणार आहे.